स्वमग्न मुलाच्या स्पर्शाच्या आणि दृष्टीच्या अडचणी: घरी कोणत्या क्रमाने काम करावे

नखे कापायला घेतली की किंचाळणारे, शर्टाचे लेबल मानेला लागताच शर्ट उपसून काढणारे, ट्यूबलाइटखाली बसवले की डोळ्यांवर हात घेणारे मूल घरात असले की पालकांना लवकरात लवकर काहीतरी करावेसे वाटते. ही घाई समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे बहुतेक घरांत शेवटची पायरी पहिली होते. वजनदार पांघरूण आणले जाते, ब्रशने हातपाय घासले जातात, सवय व्हावी म्हणून मुलाचा हात धरून ओल्या रंगात बुडवला जातो. डोळे तपासलेले नसतात, नोंद ठेवलेली नसते आणि चार बदल एकाच आठवड्यात सुरू झालेले असतात. तीन महिन्यांनी कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, हे कोणालाही सांगता येत नाही. दरम्यान मूल मात्र एक गोष्ट पक्की शिकलेले असते, ती म्हणजे मोठ्यांचा हात जवळ आला की सावध व्हायचे.

म्हणून या लेखात उपायांइतकेच महत्त्व त्यांच्या क्रमाला दिले आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. एखादा टप्पा आपल्या मुलाला लागू नाही असे वाटले तरी तो निदान वाचून मगच पुढे जावे.

## सुरुवातीपूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

स्पर्श हा एकच एक संवेदनांचा प्रवाह नाही. बोटांच्या टोकांनी वस्तू ओळखण्याचा स्पर्श जलद मज्जातंतूंतून जातो. केसाळ त्वचेत, म्हणजे दंड, पाठ, मान येथे, त्याखेरीज मंदगती तंतूही असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हळुवार स्पर्शाला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि त्यांचा संबंध 'काय लागले' यापेक्षा 'बरे वाटले की नाही' या जाणिवेशी अधिक असतो. त्यामुळे बारीक ठोकळे बोटांनी अचूक जोडणाऱ्या मुलाला दंडावरून फिरलेला मायेचा हात असह्य वाटत असेल, तर ते नाटक करत आहे असे समजू नये. हलका, सरकता स्पर्श नकोसा असणाऱ्या पुष्कळ मुलांना स्थिर, घट्ट दाब चालतो, किंबहुना हवासा वाटतो.

दुसरी गोष्ट सरावण्याची. अंगावर कपडे चढवल्यावर थोड्याच वेळात आपल्याला ते जाणवेनासे होतात, कारण मेंदू तोच तो संदेश बाजूला ठेवतो. अनेक स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांत हे सरावणे मंद असते. सकाळी टोचणारी शिवण दुपारीही तितकीच टोचत असते, म्हणून 'पाच मिनिटांत विसरेल' हा हिशेब या मुलांना लागू पडत नाही.

दृष्टीच्या बाबतीत अनेक स्वमग्न मुले तपशील फार लवकर टिपतात. गजबजलेल्या चित्रातला लपलेला आकार ती पटकन शोधतात. मात्र हेच मूल चित्रांनी भरलेल्या भिंतीसमोर बसले की कोणता तपशील सोडून द्यायचा हे त्याला ठरवता येत नाही. शिवाय डोळ्यांनी दिसलेले आणि कानांनी ऐकलेले एकाच क्षणाचे आहे हे जुळवणेही काही मुलांना जड जाते, त्यामुळे बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत ऐकणे ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामे ठरतात.

आणि या लेखाचा कणा असलेली गोष्ट ही: जो स्पर्श होणार हे आधी ठाऊक असते, तो सौम्य वाटतो. आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही, कारण आपल्या हालचालीतून होणाऱ्या स्पर्शाचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो. दुसऱ्याचा स्पर्श कधी आणि कुठे होणार, हे मुलाला कळते ते मुख्यतः डोळ्यांमुळे. त्याचे डोळे दिव्याच्या लुकलुकाटात किंवा भिंतीवरच्या पसाऱ्यात गुंतलेले असतील, तर प्रत्येक स्पर्श त्याला अचानक होतो. म्हणूनच पुढे दृष्टीचे काम आधी आणि स्पर्शाचे नंतर घेतले आहे.

## टप्पा १: शरीर आणि डोळे तपासून घेणे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा वगळला जातो. मूल स्वमग्न आहे म्हणून असे वागते, असे एकदा मनात बसले की दुखऱ्या दाढेकडे, कानाच्या जंतुसंसर्गाकडे, त्वचेच्या इसबाकडे कोणी पाहतच नाही. वेदना शब्दांत सांगू न शकणारे मूल डोके धरू देत नसेल, तर पहिला प्रश्न वेदनेचा असावा.

१. बालरोगतज्ज्ञांकडून कान, दात, त्वचा आणि पोट यांची तपासणी करून घ्यावी. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणे हे २०१३ पासून डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांमध्ये आहे. त्यामुळे 'एवढ्याशा गोष्टी डॉक्टरांना काय सांगायच्या' असा संकोच बाळगू नये.

२. नेत्रतज्ज्ञांकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी. तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर या दोन्ही गोष्टी स्वमग्न मुलांत तुलनेने अधिक आढळतात. मुलाला अक्षरे येत नाहीत किंवा ते बोलत नाही म्हणून डोळे तपासता येणार नाहीत, हा पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून, परतणाऱ्या प्रकाशावरून नंबर काढता येतो आणि त्यासाठी मुलाने एकही उत्तर देण्याची गरज नसते.

३. तपासणीच्या आधीचा आठवडा तयारीत घालवावा. घरी छोटी विजेरी लांबून भिंतीवर, मग आपल्या हातावर, मग मुलाच्या हातावर टाकून दाखवावी. एक डोळा तळहाताने झाकण्याचा खेळ खेळावा. मूल अगदी न हलता शांत बसेल अशी अपेक्षा ठेवू नये. दिवसातली पहिली वेळ मागून घ्यावी, म्हणजे प्रतीक्षागृहातली गर्दी टळते.

४. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले जाणार आहेत का, हे आधीच विचारावे. ते थोडे झोंबतात आणि नंतर काही तास, काही प्रकारच्या थेंबांनी त्याहून जास्त काळ, उजेड जास्त लागतो व जवळचे अंधुक दिसते. त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नये आणि त्या दिवसाचे वागणे नोंदीत धरू नये.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहणे, बोटे डोळ्यांसमोर हलवणे, फिरत्या चाकाकडे एकटक पाहणे हे पुष्कळ स्वमग्न मुले करतात. मात्र पुढील गोष्टी दिसल्या तर 'तो तसाच आहे' असे म्हणून सोडून देऊ नये: मान कायम एकाच बाजूला कलवून पाहणे, एक डोळा मिटून पाहणे, डोळे बोटांनी वारंवार दाबणे, संध्याकाळी किंवा मंद उजेडात ठेचकाळणे. मंद उजेडात न दिसण्याचा संबंध 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी असू शकतो, आणि मोजकेच दोन-तीन पदार्थ खाणाऱ्या मुलांत ही कमतरता होऊन दृष्टी गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. असे मूल असेल तर त्याच्या खाण्याची यादी नेत्रतज्ज्ञांना दाखवावी.

सावधान. छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली पांढरट दिसत असेल, अचानक दिसेनासे झाल्यासारखे वाटत असेल, किंवा लुकलुकत्या प्रकाशासमोर मूल काही क्षण हरवल्यासारखे होत असेल, पापण्या फडफडत असतील, तर थांबू नये. पहिल्या दोन गोष्टींसाठी नेत्रतज्ज्ञ तातडीने, आणि तिसरीसाठी मेंदूविकारतज्ज्ञ. स्वमग्न मुलांत अपस्माराचे (फिट येण्याच्या आजाराचे) प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते आणि प्रकाशामुळे झटके येणाऱ्यांमध्ये सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारा लुकलुकाट विशेष धोक्याचा असतो.

## टप्पा २: दोन आठवडे फक्त नोंद

या दोन आठवड्यांत काहीही बदलू नये. हे पाळणे कठीण आहे, पण येथे घाई केली तर पुढची प्रत्येक पायरी अंदाजावर उभी राहते. एका वहीत पाच रकाने आखावेत: वेळ, आधी काय चालले होते, नेमका कोणता स्पर्श किंवा कोणते दृश्य होते, मुलाने काय केले, आणि ते किती वेळाने शांत झाले. 'कोणता स्पर्श' या रकान्यात शरीराचा भाग, स्पर्श हलका की दाबून, ओला की कोरडा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाला तो येताना दिसला होता का, हे लिहावे.

नेहमी होणारी चूक म्हणजे घटनेच्या जागी आपला निष्कर्ष लिहिणे. 'अंघोळीला हट्ट केला' या नोंदीचा काही उपयोग नाही. 'मागून डोक्यावर पाणी ओतले, दोन्ही हात कानांवर नेले, ओरडला, टॉवेलने घट्ट गुंडाळल्यावर तीन मिनिटांत शांत' ही नोंद उपयोगाची आहे, कारण तिच्यात पुढचा उपायसुद्धा दडलेला आहे.

दुसरी चूक म्हणजे फक्त वाईट प्रसंग लिहिणे. जो शर्ट मूल आपणहून घालते, ज्या कोपऱ्यात ते अर्धा तास शांत बसते, ज्या व्यक्तीला ते केस विंचरू देते, त्यांच्याही नोंदी हव्यात. माझ्या मते वहीतला हाच भाग अधिक मोलाचा असतो. काय टाळायचे हे रडण्यातून कळते, पण काय करायचे हे शांततेतूनच कळते.

झोप किती झाली आणि दिवस कसा गेला हेही एका ओळीत लिहावे. संवेदनांचा भार दिवसभर साचत जातो. सकाळी चाललेला कंगवा संध्याकाळी चालत नसेल, तर दोष कंगव्याकडे नसून दिवसाकडे असू शकतो.

पडताळणी. चौदा दिवसांनी वहीत किमान वीस नोंदी आहेत का, त्यांतल्या पाच-सहा तरी चांगल्या प्रसंगांच्या आहेत का, आणि घरातल्या दुसऱ्या व्यक्तीनेही काही लिहिल्या आहेत का, हे पाहावे. नसतील तर आणखी एक आठवडा नोंद चालू ठेवावी.

## टप्पा ३: स्पर्श आणि दृष्टी वेगळे काढणे

आता वही घेऊन बसावे. मूल 'अतिसंवेदनशील' आहे की 'कमी प्रतिसाद देणारे' आहे, असा एकच शिक्का शोधू नये, कारण एकाच मुलाच्या मानेला लेबल सहन होत नाही आणि त्याच मुलाला गुडघा खरचटल्याचे कळत नाही, असे सर्रास घडते. प्रत्येक प्रसंगापुढे जास्त लागते, कमी लागते किंवा स्वतःहून शोधते, यांपैकी एक खूण करावी.

यानंतर खरे काम येते. पुष्कळ प्रसंगांत स्पर्श आणि दृष्टी एकमेकांत मिसळलेले असतात आणि वरवर पाहून चूक कोणाची हे कळत नाही. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

समजा मूल जिना उतरायला तयार नाही. कारण तळव्यांना लागणारा गार, खरखरीत पृष्ठभाग असू शकतो, किंवा पायरीची कड कुठे संपते हे न दिसणेही असू शकते. एक दिवस पायात नेहमीचे बूट ठेवून प्रत्येक पायरीच्या कडेला गडद रंगाची पट्टी चिकटवावी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून मोजे बदलावेत. पट्टीने फरक पडला तर प्रश्न नजरेचा आहे, आणि तो पायरी किती खोल आहे हे समजण्याचा असेल तर पहिल्या टप्प्यातला नेत्रतज्ज्ञांचा अहवाल पुन्हा उघडावा. जेवणाच्या टेबलावर अस्वस्थ होणाऱ्या मुलासाठी तोच दिवा ठेवून खुर्ची बदलावी, मग तीच खुर्ची ठेवून दिवा बदलावा. केस विंचरताना होणाऱ्या त्रासासाठी एकदा आरशासमोर, एकदा आरशाशिवाय विंचरून पाहावे. आरशात कंगवा येताना दिसल्यामुळे काही मुले एकदम सैलावतात, तर काहींना आरशातली उलटी हालचाल अधिकच गोंधळात टाकते. दोन्ही उत्तरे उपयोगाचीच आहेत.

सावधान. असे प्रयोग दिवसाला एकच, आणि मूल झोपून ताजेतवाने असताना करावेत. रडू येईपर्यंत ताणू नये. उद्देश कारण शोधणे हा आहे. मुलाची सहनशक्ती मोजायची नाही.

## टप्पा ४: परिसर बदलणे, आधी डोळ्यांसाठी

परिसर बदलताना मुलाला काहीच करावे लागत नाही, म्हणून हा टप्पा कोणत्याही सरावाच्या आधी येतो. आठवड्याला एकच बदल करावा आणि वही चालू ठेवावी.

१. दिवे. जुन्या, चोक असलेल्या ट्यूबलाइट विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट गतीने लुकलुकतात: ५० हर्ट्झला सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झला १२० वेळा. बहुतेकांना ते जाणवत नाही, काही मुलांना मात्र त्रास होतो. स्वस्त एलईडी दिवेही लुकलुकू शकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात संथगती चित्रीकरण लावून दिव्याकडे धरले की पडद्यावर सरकणारे पट्टे किंवा मिणमिण दिसते. असा दिवा आधी बदलावा. त्यानंतर दिव्याची जागा पाहावी. मुलाच्या उंचीवर खाली बसून वर पाहिल्याशिवाय कोणता दिवा थेट डोळ्यांत जातो हे मोठ्यांना कळत नाही.

२. पसारा. मुलाच्या कामाच्या जागेसमोरची भिंत एकरंगी ठेवावी, उघड्या कपाटाला पडदा लावावा, टेबलावर एका वेळी एकच वस्तू ठेवावी. संपूर्ण खोली ओकीबोकी करण्याची गरज नाही, मुलाच्या नजरेसमोरचा भाग शांत असला तरी पुरे.

३. बसण्याची जागा. पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे असले की मागून कोणी येत नाही आणि येणारा प्रत्येक जण आधी दिसतो. हा एवढा साधा बदल स्पर्शाच्या तक्रारीही कमी करू शकतो, आणि त्याला काहीच खर्च नाही.

४. कपडे. डोळ्यांचे बदल स्थिरावल्यावर कपड्यांकडे वळावे. लेबल कापून टाकल्यावर उरणारी ताठ किनार अनेकदा लेबलापेक्षा जास्त टोचते, म्हणून शिवण उसवून ते मुळापासून काढावे. मोजे उलटे घालून शिवण बाहेरच्या बाजूला घ्यावी. नवे कपडे दोन-तीनदा धुऊन मगच द्यावेत. जो कपडा चालतो त्याचेच मोठ्या मापाचे जोड आधी घेऊन ठेवावेत.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे उजेडाचा त्रास होतो म्हणून घर कायम अंधारे ठेवणे किंवा घरातही गडद गॉगल लावून ठेवणे. डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही अधिक झोंबू लागतो. उजेड मऊ करावा, पण बंद करू नये. दुसरी चूक 'माझ्याकडे बघ' या आग्रहाची. बोलताना मूल दुसरीकडे पाहत असेल तर बहुधा ते ऐकण्यासाठीच नजर मोकळी करत असते. त्याने आपल्या डोळ्यांकडे पाहावे यासाठी हनुवटी धरून चेहरा वळवणे म्हणजे नजरेचा त्रास आणि नको असलेला स्पर्श एकाच वेळी देणे होय. हे कोणीही करू नये, शिक्षकांनीही नाही.

पडताळणी. चार आठवड्यांनी नोंदी पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. प्रसंग कमी झाले का, आणि शांत व्हायला लागणारा वेळ घटला का? प्रसंगांची संख्या तीच, पण वेळ निम्मा, हीसुद्धा मोठी प्रगती आहे.

## टप्पा ५: आपली स्पर्श करण्याची रीत बदलणे

या टप्प्यात मुलाने काही शिकायचे नाही, मोठ्यांनी शिकायचे आहे. घरातल्या सर्वांनी एकच रीत पाळावी, नाहीतर मुलाला प्रत्येक हाताचा वेगळा अंदाज बांधावा लागतो.

१. समोरून, मुलाच्या नजरेच्या उंचीवर यावे.
२. हात दाखवावा आणि थोडक्यात सांगावे: 'आता हात धरतो.' एवढेच, त्याला जोडून लांब समजावणे नको.
३. क्षणभर थांबावे. मुलाने हात मागे घेतला तर तो नकार मानावा.
४. संपूर्ण तळहाताने, स्थिर दाबाने धरावे. बोटे सरकवू नयेत, थोपटू नये.
५. किती वेळ ते मोजून सांगावे, पाचापर्यंत मोजावे आणि पाचावर खरोखर सोडावे.

पाचवी पायरी बहुतेकांकडून मोडली जाते. 'झालंच, झालंच' म्हणत दहापर्यंत जाणे हे मुलाच्या दृष्टीने वचन मोडणे आहे. एका नखापुरता वेळ वाचवताना पुढच्या महिनाभराचा विश्वास जातो.

नखे कापण्याचे उदाहरण सविस्तर पाहू, कारण बहुतेक घरांतले भांडण येथेच होते. अंघोळीनंतर नखे मऊ असतात, तेव्हा बसावे. उजेड चांगला, पण डोळ्यांत न जाणारा असावा. नेलकटर आधी मुलाच्या हातात द्यावे आणि कागदाची कड कापून त्याचा आवाज ऐकवावा. मग बोटाचे टोक दोन्ही बाजूंनी पाचापर्यंत घट्ट दाबावे, जेणेकरून पुढचा बारीक धक्का त्या दाबाच्या पाठोपाठ येईल. मुलाला दिसेल अशा रीतीने एक नख कापावे आणि थांबावे. पहिल्या दिवशी एक नख झाले तरी काम झाले असे समजावे. नेलकटरचा 'कट' असा झटकाच नको असेल तर कानशीने घासावे, आणि शक्य असेल तर कानस मुलाच्याच हातात देऊन त्याच्या हातावर आपला हात ठेवावा. स्वतःच्या हालचालीतून होणारा स्पर्श सौम्य वाटतो, हे तत्त्व दात घासताना, तोंड धुताना आणि केस विंचरतानाही तसेच वापरता येते.

मूल झोपलेले असताना नखे कापावीत का, असे अनेक जण विचारतात. नखे वाढून ओरखडे येत असतील तर तात्पुरती सोय म्हणून चालेल, पण ती कायमची पद्धत करू नये. मध्येच जाग आली तर झोपसुद्धा असुरक्षित वाटू लागते.

## टप्पा ६: हळूहळू सराव

आता कुठे सरावाची वेळ आली. मुलाला रोजच्या जगण्यात अडणाऱ्या एकाच गोष्टीची निवड करावी. चिकट पदार्थ हाताला लागू न देणे हे मुलाला अडवत नसेल, तर तो हट्ट मोठ्यांचा आहे. तो सोडून द्यावा. हात धुता न येणे मात्र अडते, त्यावर काम करावे.

निवडलेल्या गोष्टीच्या आठ-दहा बारीक पायऱ्या कराव्यात. ओल्या स्पर्शासाठी त्या अशा असू शकतात: दुसऱ्याला करताना लांबून पाहणे, जवळून पाहणे, पिशवीत बंद केलेला ओला पदार्थ बाहेरून दाबणे, चमच्याने ढवळणे, एका बोटाचे टोक लावणे, आणि प्रत्येक वेळी हात पुसायला कोरडे फडके शेजारी असणे. फडके उचलण्याची मोकळीक हा सरावाचाच भाग आहे. ते काढून घेतले की सरावाची बळजबरी होते.

एका पायरीवर तीन वेगवेगळ्या दिवशी मूल सहज रमले तरच पुढची पायरी घ्यावी. 'सहज' म्हणजे खांदे सैल, श्वास नेहमीसारखा आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी यायला नकार नाही. गप्प बसणे म्हणजे सहज असणे नव्हे. काही मुले त्रास असह्य झाला की ताठ आणि शांत होतात, आणि पालकांना ती सरावली असे वाटते. त्यानंतर तासाभराने निमित्त नसताना उद्रेक होत असेल, तर कारण त्या शांततेत शोधावे.

सावधान. बाजारातल्या साधनांबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. वजनदार पांघरुणावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५ ते १६ वर्षांच्या स्वमग्न मुलांच्या झोपेचा कालावधी साध्या पांघरुणापेक्षा वाढला नाही, मात्र मुलांना आणि पालकांना वजनदार पांघरूण अधिक आवडले. आवडत असेल तर वापरावे, पण मुलाला ते स्वतः बाजूला करता आले पाहिजे, डोके कधीही झाकले जाऊ नये, आणि अगदी लहान मुलांना किंवा श्वासाचा वा झटक्यांचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. पांघरुणात गुंडाळून अडकवण्याने मुले दगावलेली आहेत. ब्रशने अंग घासण्याच्या पद्धतीला आणि रंगीत काचांच्या चष्म्यांना भक्कम पुरावा नाही. संवेदी एकात्मता उपचारांबाबतही (झोके, दाब, स्पर्शाचे खेळ यांतून संवेदना हाताळायला शिकवणारे उपचार) अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २०१२ मध्ये हेच सांगितले की पुरावा मर्यादित आहे, एकूण उपचारांचा एक भाग म्हणून ते घेता येतील आणि उद्दिष्ट ठरवून परिणाम तपासत राहावेत. म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या तज्ज्ञांकडे) जाताना आपली वही न्यावी आणि पहिल्याच भेटीत विचारावे: सहा आठवड्यांनी रोजच्या कोणत्या कामात फरक दिसला पाहिजे?

## टप्पा ७: ज्याला कमी लागते त्याच्यासाठी

हा टप्पा छोटा आहे, पण वगळू नये, कारण शांत मुलाकडे दुर्लक्ष होते. ज्याच्या नोंदीत 'कमी लागते' अशा खुणा आहेत, त्याचे अंग रोज अंघोळीच्या वेळी डोळ्यांनी तपासावे: तळवे, बोटांच्या बेचक्या, तोंडाच्या आतला भाग, बुटांच्या आत अडकलेला खडा. पाण्याचे तापमान मुलाला विचारून ठरवू नये; तापमापकाने ३७ ते ३८ अंश सेल्सिअस पाहून घ्यावे. लंगडणे, खाणे कमी होणे, एखादा हात न वापरणे यांकडे रडण्याइतक्याच गांभीर्याने पाहावे, कारण हाड मोडले तरी अशी काही मुले रडत नाहीत.

जे मूल दाब शोधते, भिंतीला घासत चालते, गाद्यांखाली शिरते, त्याला दिवसातून ठरलेल्या वेळी तसा दाब मिळू द्यावा: जड पुस्तकांची टोपली ढकलणे, उशांच्या ढिगात लोळणे, घट्ट मिठी, अर्थात त्याने मागितलेली. कंटाळा येण्यापूर्वी आणि अवघड कामाच्या आधी हे केले तर जास्त उपयोगी पडते.

## टप्पा ८: शाळेसाठी एक पान

वही शिक्षकांच्या हातात देऊ नये, ती कोणी वाचत नाही. एका पानावर चारच गोष्टी लिहाव्यात: कुठे बसवावे, स्पर्श करण्यापूर्वी काय करावे, त्रास वाढत असल्याची पहिली खूण कोणती, आणि ती दिसल्यावर मुलाला कुठे जाऊ द्यावे. 'मागून खांद्यावर हात ठेवू नका, समोर येऊन नाव घ्या' हे एक वाक्य निदानाच्या दहा ओळींपेक्षा वर्गात जास्त कामाला येते. रांगेत मुलाला सर्वांत शेवटी उभे करावे, म्हणजे मागून धक्का लागत नाही.

दर सहा आठवड्यांनी हे पान तारीख घालून नव्याने लिहावे. मधल्या काळात मुलाने स्वतःच्या अंगाला मारणे किंवा चावणे सुरू केले, येत असलेले शब्द किंवा कौशल्ये गेली, किंवा आधी चालणारा स्पर्श अचानक चालेनासा झाला, तर सराव लगेच थांबवून पुन्हा टप्पा १ पासून सुरुवात करावी आणि पहिल्यांदा दात, कान व डोळे पाहावेत. चष्मा नव्याने लागला असेल तर त्याची दांडी कानामागे आणि नाकावर कुठे टेकते हे बोटाने चाचपून घ्यावे, सुरुवातीला आवडते चित्र पाहण्यापुरताच तो लावावा, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत दुसरा कोणताही बदल करू नये.